उपेक्षा अ मोठी, अपेक्षा इ मोठी

अंकांच्या जगात मत्सर नाही. तिनाला पाचाचा हेवा वाटत नाही आणि पाच तिनाला हिणवत नाही. आपल्याहून मोठा कोण, लहान कोण, हे प्रत्येक अंकाला पक्कं ठाऊक असतं आणि त्या ज्ञानातच त्याची शांती असते. जो माणूस आयुष्यभर अंकांच्या सहवासात राहतो, त्याच्याही मनातून हळूहळू तुलना गळून पडते.

ही वाक्यं मी एका शाळेच्या बक्षीस समारंभात म्हटली होती. टाळ्या बऱ्या पडल्या. माझ्यानंतर आकोटकर गुरुजी बोलायला उठले, तर त्यांना बोलण्याआधीच माझ्याहून जास्त टाळ्या पडल्या. त्या मी मोजल्या नाहीत. मोठं कोण आणि लहान कोण हे ठरवायला मोजावं लागत नाही, हेच तर माझ्या धंद्याचं मूळ तत्त्व.

नागपूरच्या एका दैनिकात मी रविवारच्या पुरवणीचं काम बघत असे. कचेरी सीताबर्डीवर, साड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. पाककृतींत राहून गेलेलं मीठ घालायचं, लांबलेल्या कविता आखूड करायच्या आणि शेवटच्या पानावर 'लहान-मोठे' नावाचं अंककोडं द्यायचं. पहिली दोन कामं कुणीही केली असती. तिसरं माझं होतं. कोड्याखाली नाव मात्र 'पुरवणी विभाग' असं छापलं जाई. त्याच्या डोक्यावर, त्याच रकान्यात, आकोटकर गुरुजींचं साप्ताहिक भविष्य असे आणि भविष्यावर गुरुजींचा फोटो. जाकीट, कपाळावर गंध, आणि कॅमेऱ्याच्या पलीकडे शनीकडे लागलेली नजर.

ज्यांनी असं कोडं कधी सोडवलं नाही त्यांच्यासाठी सांगते. चार आडव्या आणि चार उभ्या ओळींचा चौकोन असतो. प्रत्येक ओळीत, आडव्या आणि उभ्याही, एक ते चार हे अंक एकेकदाच यायला हवेत. घरं रिकामी असतात. फक्त शेजारशेजारच्या घरांमध्ये कुठे कुठे ते लहान-मोठेपणाचं चिन्ह छापलेलं असतं. शाळेत आम्हाला त्याला चोच म्हणायला शिकवलं होतं. चिमणी हावरी, तिची चोच नेहमी मोठ्या दाण्याकडे उघडते आणि टोक लहानाकडे राहतं. एवढं ज्ञान पुरतं. बेरीज-वजाबाकीसुद्धा लागत नाही, म्हणून हे कोडं गणिताची भीती बाळगणाऱ्यांना आवडतं आणि गणिताचे प्राध्यापक त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत.

नवशिका आधी मोठा कोण ते शोधत बसतो. तसं करू नये. मोठा कोण असू शकत नाही ते बघावं. ज्या घराकडे चोचीचं टोक वळलेलं आहे तिथे चार येणार नाही, कारण चाराहून मोठं तिथे कुणीच नाही. ज्या घराकडे चोच उघडी आहे तिथे एक येणार नाही. समजा, एका ओळीत पहिलं घर दुसऱ्याहून मोठं आहे, दुसरं तिसऱ्याहून लहान आणि तिसरं चौथ्याहून लहान. तर दुसऱ्या घरात एक, यात शंका नाही. पण पहिल्या घरात दोन, तीन, चार यांतलं काहीही चालतं. आता त्या ओळीकडे कितीही रागाने बघितलं तरी उपयोग नसतो. उभ्या ओळीतून खाली उतरायचं आणि तिथली चोच काय म्हणते ते विचारायचं. एकेकाला बाद करत गेलं की जो उरतो तो बरोबर. माणसांच्या बाबतीतही ही रीत मी वापरून पाहिली आहे. तिथे शेवटी कुणीच उरत नाही.

सोडवण्यापेक्षा रचणं अवघड. चोची जितक्या कमी, तितकं कोडं देखणं. पण एक चोच जास्त उचलली की दोन उत्तरं बसू लागतात, आणि दोन उत्तरांचं कोडं हे आमच्या धंद्यातलं पाप. असं काही निसटलं की सावनेरहून फोन येई. तिथल्या एका शाळेतल्या ढोबळे बाई दर रविवारी कोडं सोडवत आणि सोडवून झालं की ते दुसऱ्या रीतीनेही सुटतं का ते बघत. एवढा संशय मी माझ्या यजमानांवरही कधी घेतलेला नाही.

"मॅडम, या खेपेचं कोडं छान होतं," त्या सावकाश म्हणायच्या. "मले त्याचे दोन्ही उत्तरं आवडले."

मग पुढच्या रविवारी चौकटीत दिलगिरी.

आणि माझ्या डोक्यावर गुरुजी. दर आठवड्याला बारा राशी, प्रत्येक राशीला चार वाक्यं, आणि इतक्या वर्षांत चूक झाली म्हणून एकही फोन नाही. सिंहेला ते लिहीत, 'प्रवासाचे योग आहेत, शक्यतो प्रवास टाळावा.' त्यांच्या प्रत्येक कोड्याला दोन उत्तरं असत आणि लोकांना दोन्ही खरोखरच आवडत. काही जण तर जिना चढून पेढे घेऊन येत. मुलीचं जमलं, मुलाला नोकरी लागली, म्हैस सापडली. पेढ्याचा तुकडा मलाही मिळे, 'पुरवणी विभाग' म्हणून.

मे महिन्यात आमच्या कचेरीत एकच कूलर चाले. त्याचं तोंड गुरुजींच्या खुर्चीकडे होतं. गुरुजी आठवड्यातून एकदा मजकूर द्यायला येत. उरलेले दिवस कूलर त्यांच्या रिकाम्या खुर्चीला वारा घाली. मी एकदा तो वळवून पाहिला, तर शिपाई म्हणाला, "मॅडम, गुरुजीची दिशा आहे ते." दिशेपुढे माझं काही चाललं नाही.

घरीही तेच. माझे यजमान बँकेतून निवृत्त झालेले, रास मीन. रविवारी पेपर आला की आधी भविष्य. त्याच्या खालीच बायकोचं कोडं असे, पण नजर तिथवर उतरायच्या आत पान उलटलं जाई. "तुझं मी दुपारी निवांत पाहतो," असं ते म्हणत. नागपूरच्या उन्हाळ्यातली दुपार ही झोपण्यासाठी असते हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

तर असं चाललं असताना संपादकांनी आम्हा दोघांना बोलावलं. संपादक तरुण होते, नुकतेच आलेले, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'राइट?' म्हणत. उत्तराची वाट मात्र बघत नसत.

"शिकवणीवाल्यांची जाहिरात शेवटच्या पानावर कायमची आली आहे," ते म्हणाले. "म्हणजे खाली एकच छोटी जागा उरते, राइट? गुरुजींना भविष्यासोबत 'शुभ अंक' सुरू करायचाय. प्रत्येक राशीला एक. वाचकांची मागणी आहे."

"कोणत्या वाचकांची?" मी विचारलं.

"मीच चारचौघांत विचारून पाहिलं," गुरुजी म्हणाले.

एवढ्या वर्षांत मला गुरुजींच्या फोटोचा, पेढ्यांचा आणि कूलरचा हेवा वाटला होता. पण त्या गोष्टी त्यांच्याच होत्या. अंक माझे होते. आता हा गृहस्थ कुंभेला सात आणि तुळेला पाच वाटत सुटणार. का सात, का पाच, कुणी विचारणार नाही, आणि उत्तर पानाच्या तळाशी उलटं छापायचीही गरज नाही. मला एक अंक एका घरात ठेवायचा तर आजूबाजूच्या सगळ्यांची परवानगी काढावी लागत होती.

"येत्या रविवारचा अंक निघू द्या," संपादक म्हणाले. "सोमवारी शोभाताई फोन मोजतील. कोड्यासाठी किती, भविष्यासाठी किती. जास्त फोन त्याची जागा, राइट? आणि मॅडम, या वेळेला सोपं द्या. चौकोन बघून लोक घाबरतात. लहान पोरांनासुद्धा जमलं पाहिजे, म्हणजे फोन येतील."

मी सोपं दिलं. इतकं सोपं मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. पाच, सात आणि नऊ या तीन संख्यांना अ, इ आणि उ अशी नावं दिली आहेत, कोणतं नाव कुणाचं ते ओळखा. एवढा खुलासा नेहमीच्या नियमांच्या जागी. नेहमीचे क, ख, ग मी मुद्दाम घेतले नाहीत. पोरांना ते पाठ्यपुस्तकासारखे वाटतात. स्वर कसे हसरे असतात. खुलाशाखाली कोडं:

उ पेक्षा अ मोठी. अ पेक्षा इ मोठी. तर सर्वांत लहान कोण?

उत्तर उघड आहे. उ. म्हणजे पाच. पोरांना अक्षर वेगळं दिसावं म्हणून मी 'उ' आणि 'पेक्षा' यांच्यात जागा सोडली होती. ती जागा वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढचं सगळं त्या जागेत घडलं.

रविवारी सकाळी यजमान गॅलरीत पेपर वाचत होते. चहा निवत होता. एकाएकी त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"ऐक वं कुंदा," ते म्हणाले. "आज आकोटकरांनी कमाल केली. मीन पहा. 'घरातील वडीलधाऱ्यांचा सल्ला घ्यावा. लहान-मोठे. उपेक्षा मोठी. अपेक्षा मोठी. तर सर्वांत लहान कोण?'"

"काय?"

"मधे एकेक अक्षर जास्तीचं पडलंय, छपाईची चूक. पण लिहिलंय काय पहा न. बँकेत जन्म काढला, मला कोणी असं विचारलं नाही."

मी पेपर ओढून घेतला. चौकोन नाही म्हटल्यावर पान लावणाऱ्याने चौकोनाबरोबर येणारे नियमही काढून टाकले होते, आणि त्यांच्यासोबत माझा खुलासा. उरला तो मजकूर मीन राशीच्या पोटाशी सरळ जोडून दिला होता. आणि त्या मजकुरातल्या माझ्या दोन रिकाम्या जागा कुणीतरी मिटवल्या होत्या. छापलं होतं:

उपेक्षा अ मोठी. अपेक्षा इ मोठी. तर सर्वांत लहान कोण?

"यातलं खरं किती आहे," यजमान म्हणाले. त्यांचा आवाज जरा ओला झाला होता. "सर्वांत लहान कोण?"

"उ," मी म्हटलं.

"ऊ? कोणाच्या डोक्यात?"

सोमवारी मी आधी मुद्रितशोधक वानखेडे सरांकडे गेले. सर पूर्वी मुख्याध्यापक होते. आमच्या पेपरात शुद्धलेखनाची एकही चूक राहत नसे. बातम्या चुकीच्या असत, पण शुद्ध असत.

"सर, या दोन जागा तुम्ही मिटवल्या?"

"मिटवायच्याच असतात," सर म्हणाले. "पेक्षा हे शब्दयोगी अव्यय. शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडून लिहितात. तुम्ही शिकलेल्या आहात मॅडम, तोडून काहून लिहिता?"

"पण त्यामुळे 'अपेक्षा' झालं न, सर."

"मग काय झालं? बरोबर लिहिलं आहे."

मराठी व्याकरणाच्या कुठल्याही न्यायालयात सर जिंकले असते. क घेतला असता तर 'कपेक्षा' होऊन वाचक निदान थबकला असता. मराठीत मोजून दोनच स्वर असे निघावेत की ज्यांच्या पुढे 'पेक्षा' चिकटलं की माणसाच्या दुखऱ्या जागेवर बोट पडतं, आणि नेमके तेच दोन मी निवडावेत. ह्याला गुरुजी योग म्हणाले असते.

शोभाताई फोनच्या टेबलाशी हताश बसल्या होत्या. गुरुजी आधीच येऊन कूलरसमोर बसले होते. एरवी ते सोमवारी येत नसत.

"बाप्पा गुरुजी, काय लिहिलं तुम्ही," शोभाताई म्हणाल्या. "सकाळपासून फोन थांबूनच नाही राहिला. मौद्याहून एक बाई बोलल्या, रडूनच राहिल्या. म्हणे, माह्या सासरी हेच चालू आहे, गुरुजीले कसं समजलं? एक मेषवाले तर भांडले. म्हणे, मीनलेच काहून, आम्हाले काहून नाही लिहिलं?"

"ते आपण लिहीत नाही, शोभाताई," गुरुजी डोळे मिटून म्हणाले. "वरून येतं."

खालून आलं होतं. त्यांच्या रकान्याच्या खालून, माझ्या जागेतून. पण पानाच्या रचनेवर वाद घालायची ती वेळ नव्हती.

"आणि कोड्यासाठी किती?" संपादकांनी विचारलं.

"एक," शोभाताई म्हणाल्या. "ढोबळे बाई, सावनेर. म्हणे, या रविवारी कोडं काहून नाही छापलं?"

माझ्या आयुष्यातलं सर्वांत गाजलेलं लिखाण, आणि ते दुसऱ्याच्या फोटोखाली. गुरुजींच्या पेढ्यांचा हेवा करणं वेगळं. आता मला माझ्याच वाक्याचा हेवा वाटू लागला. मी लिहिलं तेव्हा त्याला तीन संख्या ओळखण्यापलीकडे काही येत नव्हतं. गुरुजींच्या घरी गेलं आणि लगेच लोकांना रडवायला लागलं.

दुपारी गुरुजी माझ्या टेबलापाशी आले. त्यांनी खुर्ची ओढली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. एरवी त्यांना खुर्ची दुसरे ओढून देत.

"कुंदाताई," ते हळूच म्हणाले, "ते अपेक्षा-उपेक्षा तुमचं आहे न?"

"हो."

"मले वाटलंच. मी लिहिलं असतं तर मले आठवलं असतं." मग ते पुढे झुकले. "पण आता मी नाही म्हटलं तर लोकांचा विश्वास उडतो."

"तुमच्यावरचा?"

"मीन राशीवरचा. ती मौद्याची बाई, तिले काय सांगू? छपाईची चूक आहे?" ते आणखी पुढे झुकले. "एक विचारू का? लोक मले विचारून राहिले, सर्वांत लहान कोण. त्याचं उत्तर काय आहे?"

त्या क्षणी मला एक सूक्ष्म आनंद झाला, लपवत नाही. इतक्या वर्षांत गुरुजींनी माझ्या कोड्याचं उत्तर पहिल्यांदाच विचारलं होतं.

"उ," मी म्हटलं.

"म्हणजे उपेक्षा सर्वांत लहान."

"उ लहान, गुरुजी. पाच. उपेक्षा नाही."

"तेच ते," गुरुजी म्हणाले आणि समाधानाने उठले.

पुढच्या रविवारी मीन राशीत छापून आलं, 'उपेक्षा सर्वांत लहान असते, हे ओळखा. अपेक्षा तिच्याहून मोठी ठेवा.' माझं उत्तर. उलटं न छापता. शोभाताईंनी सांगितलं की मौद्याच्या बाईंचा पुन्हा फोन होता आणि आता त्या रडत नव्हत्या. ही गोष्ट मला चांगली वाटायला हवी होती. वाटलीही. पण ती गुरुजींना माझ्याहून जास्त चांगली वाटली, आणि मला तेवढंच दिसत राहिलं.

त्याआधी मी संपादकांकडे जाऊन आले होते. मंगळवारीच गेले आणि स्पष्ट सांगितलं, लोक ज्यासाठी फोन करत आहेत ते भविष्य नाही, ते माझं कोडं आहे, दोन जागा मिटलेलं. तेव्हा ते फोन माझ्या बाजूला धरा.

संपादक हसले. मग विचारात पडले. तरुण संपादक विचारात पडला की पुरवणी विभागाचं काम वाढतं, हा अनुभव होता.

"म्हणजे तुम्हाला हे जमतं, राइट?" ते म्हणाले. "मग असं करू. गुरुजींना अंकांचा कंटाळा आहे, ते शब्दांतले. शुभ अंक तुम्ही द्या. बारा अंक, दर आठवड्याला. फोटो गुरुजींचा आहेच."

अशा रीतीने 'लहान-मोठे' बंद झालं आणि माझी जागा वाचली. म्हणजे जागा वाचली, मी तिथे राहिले, फक्त ती माझी राहिली नाही. वाचकांना शेवटच्या पानावर बारा राशी आणि प्रत्येकीचा शुभ अंक मिळू लागला. मी ते अंक कुठून आणते हे गुरुजींनी विचारलं नाही. ज्योतिषात असा प्रश्न विचारत नाहीत.

आता धंद्यातली गोष्ट सांगते. बारा राशी म्हणजे चार-चारच्या तीन ओळी. मेष ते कर्क पहिली, सिंह ते वृश्चिक दुसरी, धनू ते मीन तिसरी. मी प्रत्येक ओळीत एक ते चार एकेकदाच देई, आणि उभ्या ओळीतही एकही अंक पुन्हा येऊ देत नसे. कारण काही नाही. हात तसाच वळलेला. माणूस नोकरी बदलतो तेव्हा जुन्या कचेरीच्या जिन्याकडे पाय वळतात, तसं. काही आठवड्यांनी मी पान लावणाऱ्याला म्हटलं, दोन अंकांमधली जागा फार मोकळी दिसते, तिथे काहीतरी टाकू. आणि मी चोची टाकल्या. मेषेचा दोन वृषभेच्या चाराहून लहान, चोच वृषभेकडे. वृषभ मिथुनेहून मोठी, चोच परत वृषभेकडे.

"हे काय आहे?" संपादकांनी विचारलं.

"राशींचा परस्परसंबंध."

"गुरुजींना चालेल?"

गुरुजींनी कागद लांब धरला, जवळ धरला. "बरोबर आहे," ते म्हणाले. नंतर एका वाचकाला त्यांनी फोनवर समजावताना मी ऐकलं, की ज्या राशीकडे ती खूण उघडते तिकडे ऊर्जा वाहते. चिमणीबद्दल ते काही बोलले नाहीत.

मी निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभ झाला. अध्यक्षस्थानी गुरुजी होते. त्यांनी अंकांच्या जगात मत्सर नसतो, यावर सुंदर भाषण केलं. माझं वाक्य होतं, पण त्यांच्या तोंडी जास्त शोभलं, हे मला दिसत होतं. शुभ अंक मात्र मी अजूनही घरून पाठवते. दुसऱ्या कुणाला ते जमलं नाही. नव्या उपसंपादकाने एकदा सलग तीन राशींना सात दिला होता, आणि संपादकांना काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण काय ते सांगता येईना.

या दिवाळी अंकाच्या शेवटी गुरुजींचं वार्षिक भविष्य आहे. बरेच वाचक अंक तिथूनच उघडतात, हे मला माहीत आहे. मजकुराची मर्यादा मलाच घालून दिली होती, त्यांना नाही, हेही मला माहीत आहे. इथवर वाचत आलेल्यांचे आभार. माझी तक्रार नाही, कारण मधल्या काळात एक गोष्ट घडली.

या उन्हाळ्यात एका सोमवारी शोभाताईंचा फोन आला. "मॅडम, सावनेरच्या ढोबळे बाई आहेत. तुमच्याशीच बोलायचं म्हणते. जोडून देते."

कोडं बंद झाल्यापासून मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता. मला वाटलं होतं, त्यांनी पेपर बदलला असेल.

"मॅडम, ते शुभ अंक तुम्हीच देता न?" ढोबळे बाई म्हणाल्या.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? चोच पाहून समजलं. मी दर रविवारी भरते न."

"काय भरता?"

"चौथी ओळ. तुम्ही तीनच छापता. चौथी मी घरी भरून घेते. सरळ उतरते, एकच उत्तर निघते. पण या रविवारी चौथ्या ओळीत तीन दोनदा येऊन राहिला. मी दुपारभर पाहिलं. चोची तर बरोबर आहेत. मग वर पाहिलं, तर मकरले दोन आणि मीनले पण दोन. असं कसं?"

मी माझा पाठवलेला मजकूर काढला. मीनेला तीन होता. टाइप करताना तिनाचा दोन झाला होता. आपले हे दोन अंक एका शेपटीपुरते वेगळे. कुंभेचा एक दोनाहूनही लहानच, त्यामुळे चोचीने तक्रार केली नव्हती.

"तीन पाहिजे, ढोबळे बाई," मी म्हटलं. "तुमचं बरोबर आहे."

"मले वाटलंच," त्या म्हणाल्या. "बाकी चांगलं चाललं आहे तुमचं. फक्त चौथी ओळ छापत जा कधी. रास नसली म्हणून काय झालं?"

फोन ठेवल्यावर मी चौथी ओळ स्वतः भरून पाहिली. मग संपादकांना फोन लावला आणि दुरुस्ती छापायला सांगितली. ते म्हणाले, शुभ अंकाची दुरुस्ती आजवर कोणी छापलेली नाही. मी म्हटलं, चूक आहे ती चूक आहे, राइट?

मग गुरुजींचा फोन. इतका चढलेला आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "कुंदाताई, भविष्यात चूक? माझ्या नावावर? असं आजवर कधी झालं नाही."

"हो गुरुजी," मी म्हटलं. "माझ्याकडे बरेचदा झालं आहे. सवय होते."

पुढच्या रविवारी त्यांच्या फोटोखाली, चौकटीत, छापून आलं: 'गेल्या आठवड्यात मीन राशीचा शुभ अंक अनवधानाने २ असा छापला गेला. तो ३ असा वाचावा. चुकीबद्दल दिलगीर आहोत.'

यजमानांनी ते दोनदा वाचलं. त्यांचा आठवडा दोनावर चांगला गेला होता.